चूक कोणत्या चालीने वाढते

जून २०१८ मध्ये परभणीत एका शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. आदल्याच वर्षी शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यात, असंच घडलं होतं. दोन्हीकडचं गाऱ्हाणं एकच होतं: चांगल्या पावसाचा अंदाज आला, त्या भरवशावर पेरणी झाली, मग पावसाने खंड दिला. अंदाज चुकल्याबद्दल पोलीस कोणतं कलम लावणार, हा प्रश्न बाजूला ठेवू. तक्रारीच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि ते नीट पाहण्यासारखं आहे. मोजमाप काटेकोर केलं असतं तर अंदाज चुकला नसता, अर्थात अंदाज चुकला त्या अर्थी कुणीतरी हयगय केली, असं ते गृहीत. त्यावर सुशिक्षितांचं ठरलेलं उत्तर असतं: हवामान ‘केऑटिक’ आहे, कुठेतरी फुलपाखराने पंख हलवले की दुसरीकडे वादळ होतं, तेव्हा चूक होणारच. हे उत्तर खोटं नाही, पण आळशी आहे. चूक वाढते एवढंच ते सांगतं, आणि चूक तर जवळपास सगळीकडेच वाढते. खरा प्रश्न ती कोणत्या चालीने वाढते हा आहे, कारण मोजमापावर दसपट खर्च केला तर बदल्यात काय पदरात पडेल, हे त्या चालीवर ठरतं. ‘केऑस’ या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळ्या चाली दडलेल्या आहेत. त्यांतली सर्वांत संथ चाल गणिताबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. तिच्याशी तुलना केल्याशिवाय मात्र परभणीच्या पावसाचं गणित का अडतं, ते उलगडत नाही.

कॅरमचा बोर्ड घेऊ. त्याची आतली बाजू साधारण ७४ सेंटिमीटरची, स्ट्रायकरचा व्यास नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४.१३ आणि सोंगटीचा ३.१८ सेंटिमीटर. स्ट्रायकर सोंगटीला समोरून भिडतो तेव्हा दोघांच्या केंद्रांत ३.६५ सेंटिमीटर अंतर असतं आणि सोंगटी त्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेतच सुटते. आता स्ट्रायकर ठरल्या जागेपासून फक्त ०.१ मिलिमीटर बाजूला सरकला असं धरा. तेवढ्याने ती रेषा अंशाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकी वळते आणि ४० सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत सोंगटी १.१ मिलिमीटर चुकते. ही सोंगटी दुसरीवर आपटली, तर दुसरी तेवढ्याच अंतरावर जवळपास १४ मिलिमीटर चुकते. तिसरीपर्यंत प्रकरण पोचलं तर चूक १७ सेंटिमीटरची होते, बोर्डाच्या जवळजवळ पाव रुंदीइतकी. प्रत्येक टकरीला चूक दसपटीच्या आसपास गुणली जाते. म्हणून दोन सोंगट्यांमधून राणी काढणारा खेळाडू भेटतो, पण चार सोंगट्यांमधून काढणारा भेटला तर तो नशिबाचं श्रेय हाताला देत असतो. गंमत पुढे आहे. त्या खेळाडूचा नेम दसपट अचूक केला, चूक ०.१ऐवजी ०.०१ मिलिमीटरवर आणली, तर मिळतं काय? एक टक्कर जास्त. आणखी दसपट अचूक केला, तर आणखी एक. कष्ट गुणाकाराने वाढतात आणि मोबदला बेरजेने मिळतो.

चक्रवाढ चालीचा स्वभाव असा आहे, आणि केऑस म्हटल्यावर लोकांच्या मनात येतो तो हाच. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये संगणकावर एक गणित मधूनच पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला. थोड्याच वेळात नवं हवामान जुन्या हवामानाला ओळख देईना. १९६३ च्या त्यांच्या निबंधातून या विषयाला आजचं रूप आलं. फुलपाखराची उपमा त्यानंतरची, १९७२ च्या व्याख्यानाच्या शीर्षकातली. उपमा इतकी लोकप्रिय झाली की मूळ मुद्दा झाकला गेला. लहान कारणाचा मोठा परिणाम होतो, एवढ्यात नवल नव्हतं. नवल होतं ते वाढीच्या दरात.

आता बोर्डावरच्या सगळ्या सोंगट्या उचला आणि एकटा स्ट्रायकर फिरू द्या. घर्षण शून्य आहे असं मानू, म्हणजे पावडरचा प्रश्नच मिटला, आणि स्ट्रायकरचा आकारही बिंदूइतका धरू. दिशेत इतकी बारीक चूक आहे की एकदा बोर्ड पार केल्यावर स्ट्रायकर ०.१ मिलिमीटर बाजूला पडतो. दहा वेळा पार केल्यावर ती चूक एक मिलिमीटर होईल, शंभर वेळा पार केल्यावर दहा. सरळ कड चुकीला परत पाठवते, पण गुणत नाही. यात केऑस नाही हे उघडच आहे. पण सुताराकडून बोर्डाचा एक कोपऱ्याकडचा चतकोर कापून घेतला आणि तिथे नव्या कडा बसवल्या, तर बोर्डाचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा होतो आणि एक कोपरा आत घुसतो. शेजारून समांतर निघालेले दोन स्ट्रायकर कितीतरी वेळ शेजारीच राहतात. मग कधीतरी तो आतला कोपरा नेमका दोघांच्या मधोमध येतो: एक निसटून पुढे जातो, दुसरा परत फिरतो, आणि तिथून दोघांचा काही संबंध उरत नाही. दोघांत ०.१ मिलिमीटर अंतर असेल, तर ही फूट पडायला साधारण काही किलोमीटरचा प्रवास लागतो. अंतर दसपट कमी केलं की प्रवास दसपट वाढतो. इथे कष्टही गुणाकाराने वाढतात आणि मोबदलाही गुणाकारानेच मिळतो. स्टीव्हन केर्कहॉफ, हॉवर्ड मेजर आणि जॉन स्मिली यांनी १९८६ मध्ये सिद्ध केलं की अशा बोर्डांवर जवळपास कोणत्याही दिशेने निघालेला मार्ग अखेर बोर्डाच्या सगळ्या भागांना सारखाच वेळ देतो. कोन काटकोनाच्या साध्या अपूर्णांकांत मांडता यावेत, एवढीच अट आहे आणि एल आकार ती पाळतो.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल की ही चाल इतकी संथ असेल तर तिला केऑस म्हणायचंच कशाला? हरकत वजनदार आहे. रूढ व्याख्येप्रमाणे चूक चक्रवाढ दराने वाढली तरच केऑस. कोल्मोगोरोव्ह आणि सिनाई यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस गतीतला अनिश्चितपणा मोजणारी ‘एन्ट्रॉपी’ गणितात आणली, आणि त्या मापाने संथ चालींची एन्ट्रॉपी शून्य भरते. पण शून्य एन्ट्रॉपी म्हणजे शिस्त, हे समीकरण टिकत नाही. ते मोडणारं ठळक उदाहरण म्हणजे होरोसायकल प्रवाह. असा एक पृष्ठभाग कल्पा की प्रत्येक बिंदूपाशी तो एका दिशेला वर आणि आडव्या दिशेला खाली वळतो, तरी एकंदर क्षेत्रफळ मर्यादित आहे. त्यावर सरळ चालत सुटलं तर शेजाऱ्यापासूनचं अंतर चक्रवाढीने वाढतं. पण विशिष्ट प्रकारे सतत वळत राहणारे मार्गही तिथे असतात, तेच होरोसायकल. त्या मार्गांवर चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्याहून वेगाने नाही. गुरेविच यांनी १९६१ मध्ये दाखवलं की या प्रवाहाची एन्ट्रॉपी शून्य आहे. ब्रायन मार्कस यांनी १९७८ मध्ये दाखवलं की तरीही तो पृष्ठभाग पूर्णपणे ढवळून काढतो: सुरुवातीला कुठलाही तुकडा रंगवा, काही काळाने तो रंग सगळीकडे सारखा पसरलेला दिसेल. गती मागचं सगळं विसरते, फक्त सावकाश विसरते. जिथे अखेरीस विसर पडतो त्या सगळ्याला केऑस म्हणायचं, की जिथे विसर वेगाने पडतो त्यालाच केऑस म्हणायचं, हा व्याख्येचा वाद आहे. मला दुसरा पर्याय जास्त दिशाभूल करणारा वाटतो, म्हणून ‘संथ केऑस’ हे नाव मी खुशाल वापरतो.

या संथ चालीच्या अभ्यासात एका मराठी नावाला मोठं स्थान आहे. श्रीकृष्ण गोपाळराव दाणी १९४७ साली बेळगावात जन्मले आणि त्यांचं बहुतेक संशोधन मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झालं. त्यांच्या आधी हेडलंड यांनी १९३६ मध्ये आणि फुर्स्टेनबर्ग यांनी १९७३ मध्ये होरोसायकल मार्ग सगळीकडे पोचतात आणि समप्रमाणात पसरतात हे दाखवलं होतं, पण ते बंदिस्त पृष्ठभागांसाठी. ज्या पृष्ठभागांना अनंताकडे निमुळती होत गेलेली शेपटी असते, तिथे मार्ग त्या शेपटीत निघून जाण्याचा धोका असतो. दाणींनी १९७८ पासून हा प्रदेश हाताळला, आणि १९८४ मध्ये त्यांनी स्मिली यांच्याबरोबर चित्र पुरं केलं. हे स्मिली म्हणजे वर बोर्डाच्या संदर्भात आलेलेच. निष्कर्ष असा की मर्यादित क्षेत्रफळाच्या अशा पृष्ठभागावरचा प्रत्येक होरोसायकल एक तर स्वतःवर परत येऊन बंद होतो, नाहीतर सगळीकडे समप्रमाणात पसरतो. तिसरी शक्यताच नाही. या निष्कर्षातला ‘प्रत्येक’ हा शब्द अधोरेखित करण्यासारखा आहे. त्याच पृष्ठभागावरच्या सरळ, चक्रवाढ चालीच्या मार्गांबद्दल आपल्याला फक्त ‘जवळपास सगळे’ असं म्हणता येतं. उरलेल्या अपवादांत काय वाटेल ते सापडतं, तुकड्यातुकड्यांच्या विरळ, विचित्र संचांत कायम अडकलेले मार्गसुद्धा. वेगवान केऑस सरासरीत सरळ आणि अपवादांत मोकाट असतो. संथ केऑस अपवादांनाही वेसण घालतो.

असं का व्हावं, हे आकड्यांनी समजतं. दोन शेजारी मार्गांत सुरुवातीला एक दशलक्षांश अंतर आहे असं धरा. वर्गाच्या चालीने ते अंतर एकच्या घरात यायला एक हजार एकक वेळ लागतो. पुढच्या दहा एककांत ते एकवरून १.०२ होतं, म्हणजे जवळपास जागचं हलत नाही. चक्रवाढ चालीत, प्रत्येक एककाला अंतर २.७२ पट होत असेल, तर एकच्या घरात यायला चौदा एककं पुरतात, आणि त्यापुढच्या दहा एककांत ते बावीस हजार पट होऊ पाहतं. एकमेकांपासून दूर जाणारे दोन मार्ग किती काळ ‘नजरेत राहतात’, हा या दोहोंतला फरक आहे. संथ चालीत दोघे वेगळे झाल्यावरही बराच वेळ जवळपास तेच अंतर राखून चालतात, त्यामुळे ते कोणत्या दिशेने वेगळे झाले हे गणितज्ञाला वाचून घेता येतं. त्या दिशेलाही गती मोकळीच आहे, असा निष्कर्ष त्यातून निघतो. मारिना रॅटनर यांनी १९९० आणि १९९१ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयांच्या कण्यात हीच कल्पना आहे. त्या प्रमेयांनी ज्या अटकळीवर शिक्कामोर्तब केलं, ती टाटा संस्थेतल्याच एम. एस. रघुनाथन यांची, आणि ती छापून आली दाणींच्या १९८१ च्या निबंधात. तिच्या एका खास रूपावरून ग्रिगोरी मार्गुलिस यांनी १९८० च्या दशकात ओपनहाइम यांचा १९२९ पासून रखडलेला तर्क सिद्ध केला. क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग उणे २ चं वर्गमूळ गुणिले झचा वर्ग, अशा राशीत सगळेच शून्य नसलेले पूर्णांक घालून उत्तर शून्याच्या हवं तितकं जवळ आणता येतं, असं तो सांगतो. दाणी आणि मार्गुलिस यांनी १९८९ मध्ये तो आणखी बळकट केला. निव्वळ पूर्णांकांचा प्रश्न आणि त्याचं उत्तर मिळालं सावकाश पसरणाऱ्या एका गतीतून.

दुसरी हरकत व्यवहारी माणसाची आहे. हे सगळं कागदावरचं. निसर्गात शुद्ध संथ केऑस सापडतो कुठे? खरं आहे, फारसा सापडत नाही. एल आकाराच्या बोर्डाची एक कड किंचित आतल्या बाजूला फुगवली किंवा मधे एखादी गोल सोंगटी ठेवली की चक्रवाढ शिरलीच. संथ चाल नाजूक असते, वेगवान चाल चिवट. मात्र एवढ्याने ती निरुपयोगी ठरत नाही. अचूकतेचा मोबदला गुणाकाराने मिळतो असं जग कसं असतं, ते एकदा पाहिल्यावरच आपण हवामानाकडून तसल्याच जगाची अपेक्षा करत होतो हे ध्यानात येतं. ‘अजून चांगली यंत्रं बसवा, अजून लांबचं सांगा’ ही मागणी संथ जगात अगदी रास्त आहे.

मग परभणीच्या मान्सूनचं काय? इथे एक गैरसमज विज्ञानाच्या चाहत्यांचाही होतो. जूल चार्नी आणि जगदीश शुक्ल यांनी १९८१ मध्ये मांडलं की उष्ण कटिबंधातला हंगामी पाऊस बराचसा समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानासारख्या संथ बदलणाऱ्या गोष्टींच्या धाकात असतो, म्हणून दोन आठवड्यांनंतरचं हवामान सांगता येत नसलं तरी हंगामाचा कल सांगता येतो. एप्रिलमधला हंगामी अंदाज याच आधारावर उभा आहे. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरून टक्केवारी, आणि तिच्यात पाच टक्के इकडेतिकडे. पण समुद्र संथ आहे म्हणजे तिथली चूक संथ चालीने वाढते असं नाही. एल निनोच्या भाकितातही चूक चक्रवाढीनेच वाढते, फक्त दुपटीचा काळ दिवसांऐवजी महिन्यांत मोजावा लागतो. बँकेने व्याजाचा दर कमी केला म्हणून चक्रवाढीचं सरळ व्याज होत नाही. शिवाय हंगामी अंदाज म्हणजे एखाद्या मार्गाचा पाठलाग नव्हेच. होरोसायकलच्या समप्रमाणासारखं ते पसाऱ्याबद्दलचं विधान आहे, अमुक दिवशी अमुक शिवारात काय होईल याबद्दलचं नाही. २०१८ च्या तक्रारीतली गफलत नेमकी इथे होती, आणि तिचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पसाऱ्याबद्दलचं विधान ‘यंदा पाऊस चांगला’ अशा भाषेत बातम्यांत पोचलं, तर ऐकणारा त्याचा अर्थ आपल्या पेरणीपुरता लावणारच. तारीखवार अंदाजाची भूकही याच पोकळीतून येते. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचे अंदाज व्हॉट्सअॅप आणि यूट्यूबवरून गावोगाव पोचतात, कारण ते शेतकऱ्याच्या भाषेत तारीख सांगतात. तारीख कुणीही सांगो, खातं असो, विद्यापीठ असो की व्यक्ती, काही आठवड्यांपलीकडच्या तारखेला त्याच चक्रवाढीशी गाठ पडते.

खरं तर चक्रवाढीहूनही वाईट चालीशी. ही तिसरी चाल लॉरेन्झ यांनीच १९६९ मध्ये पुढे आणली, आणि फुलपाखराच्या गदारोळात ती मागे पडली. वातावरणात हजारो किलोमीटरचे प्रवाह असतात, शेकडो किलोमीटरची कमी दाबाची क्षेत्रं असतात आणि दोन-चार किलोमीटरचे गडगडाटी ढगही असतात. जितका आकार लहान तितकी चूक वेगाने दुप्पट होते: मोठ्या प्रवाहांत काही दिवस, ढगांत तास किंवा मिनिटं. मोजमाप बारीक करत गेलात की चूक लहान आकारांकडे ढकलली जाते, पण तिथून ती जास्त वेगाने वर चढते. त्यामुळे प्रत्येक सुधारणेने मिळणारा जादा वेळ आधीच्यापेक्षा कमी असतो, आणि हे सगळे तुकडे कितीही जोडले तरी बेरीज एका मर्यादेपलीकडे जात नाही. कॅरममध्ये दसपट अचूकतेला निदान एक टक्कर हमखास मिळत होती. इथे अर्धी, मग पाव, मग त्याहून कमी. लॉरेन्झ यांच्या हिशेबाने ही मर्यादा दोन-तीन आठवड्यांच्या घरात येते. वास्तवात अजून आपण त्या मर्यादेच्या अलीकडे आहोत. गेल्या काही दशकांत अंदाजाची लांबी दर दहा वर्षांना साधारण एक दिवस या गतीने वाढली. उपग्रह, महासंगणक आणि हजारो माणसांचं काम यांची ती कमाई आहे, आणि चक्रवाढीच्या जगात ती अजिबात थोडी नाही.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीत १९७२ पासून आहे. तिथून आठवड्यातून दोनदा जे कृषी हवामान सल्ले निघतात, त्यांत पावसाचा दिवसवार अंदाज पुढच्या चार-पाच दिवसांचाच असतो. ही काटकसर नाही, वर मांडलेल्या हिशेबाचा तो व्यवहारातला अवतार आहे. सोयाबीन-कापसाच्या पेरणीबाबतचा नेहमीचा सल्ला तर अंदाजावर बेतलेलाच नाही: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तो पडून गेलेल्या पावसाबद्दल आहे. काळ्या जमिनीत एवढी ओल मुरली की मधल्या उघडिपीत रोप तग धरतं, आणि ती उघडीप किती दिवसांची हे आधी कळण्याची गरज बरीच कमी होते. ज्याची चूक वाढतच जाते त्या गोष्टीवर विसंबण्याऐवजी जे पर्जन्यमापकात मोजून झालं आहे त्यावर निर्णय टाकण्याची ही रीत आहे. तिच्यावर आक्षेप असा की मृगाचा पाऊस हुकला आणि शंभर मिलिमीटरची वाट पाहण्यात जुलै उजाडला तर उत्पन्न घटतं, तो धोका कुणी घ्यायचा? आक्षेप बरोबर आहे. आठ-दहा दिवसांचा संभाव्यतेचा अंदाज तिथे कामाला येतो: पुढच्या आठवड्यात पावसाची शक्यता सत्तर टक्के असेल, तर साठ मिलिमीटर ओलीवर पेरणाऱ्याचा हिशेब वेगळा होईल. त्यासाठी मात्र अंदाज टक्क्यांत पोचायला हवा, ‘येणार’ किंवा ‘नाही येणार’ या भाषेत नव्हे.

मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कामाला लागली. आधी १२ किलोमीटरची असलेली चौकट तिने ६ किलोमीटरवर आणली. परभणी जिल्हा सहा हजार चौरस किलोमीटरहून थोडा मोठा आहे. जुन्या जाळीत त्याच्या वाट्याला चाळीस-पंचेचाळीस चौकटी येत होत्या, नव्या जाळीत पावणेदोनशेच्या आसपास येतात. नऊ तालुक्यांना वाटल्या तर तालुक्यामागे पाचऐवजी जवळपास वीस. जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात काय किंवा गोदावरीकाठच्या सोनपेठ-गंगाखेडमध्ये काय, शेजारच्या गावांचा वेगवेगळा पाऊस एकाच चौकटीत कोंबला जाण्याचं प्रमाण त्यामुळे आणखी कमी होईल, आणि उद्या-परवाची जोरदार सर कोणत्या मंडळावर पडेल हे सांगण्यात फरक पडेल. चौकट अर्धी झाली म्हणून दहा दिवसांचा अंदाज वीस दिवसांचा मात्र होणार नाही. संथ जगात तो झाला असता.